दार वाजवू नये

सोमवार, १२ तारीख, दुपार

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे न फोडताच कपाटावर टाकाल, हे धरूनच लिहायला बसलोय. टाका. फक्त फाडू नका. तीन वर्षांत मी तुम्हाला दोन-दोन ओळींचे निरोप पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि उत्तर द्यावं असं त्यांत काही नव्हतंही. हे जरा लांबणार आहे.

मी त्या गावात आलोय. कोणत्या, ते सांगायला नको. तुम्ही दोघं गेलात आणि तुम्ही एकट्या परत आलात, ते.

कामासाठी आलोय. कंपनीने पाठवलं. आमच्या प्रवाशांना देतो त्या पुस्तिकेतलं बंदचं पान तपासायचं आहे: कुठल्या तारखेला काय बंद, काय चालू, आदल्या दिवशी दुकानं किती वाजता मिटतात. तीस वर्षं हेच करतोय. दादा म्हणायचा, "आमचे पंडित अख्ख्या जगाला वळण लावतात आणि स्वतःचा ओला टॉवेल पलंगावर टाकतात." तो टॉवेल तुम्ही उचलायचात. आता मीच टाकतो आणि मीच उचलतो, म्हणजे पलंग ओला तो ओलाच.

इथे उद्या आणि परवा सगळं बंद. वर्षातली मोठी सुट्टी. आज दुपारीच रस्ता मिटायला लागलाय. समोरचा न्हावी खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवतोय. पावाच्या दुकानासमोर रांग आहे आणि रांगेतली माणसं दोन दिवसांचा पाव काखेत धरून निघालीत. शटर एकेक करून खाली येतंय. बारा वाजता पहिलं, साडेबाराला चार-पाच, दोनपर्यंत सगळी. माझ्या पानावर हेच लिहिलंय. बंदचं पान अगदी बरोबर आहे, वहिनी. त्यात कधीच चूक नव्हती.

टपालही बंद, म्हणजे हे पत्र गुरुवारपर्यंत टेबलावरच पडून राहणार.

हॉटेल तेच मिळालं. खोली वेगळी आहे.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे दार वाजतं का? म्हणजे कुणी आलेलं नसताना? घरातल्या घरात दार वाजवून आत येणारा दादा एकटाच. माझी खोली उघडी असली तरी बोटाच्या पेराने दोनदा टकटक, मग जरा थांबायचा, मग "पंडित, येऊ का?" तुम्ही हसायचात. "अहो, भाऊ आहे तुमचा, कलेक्टर नाही," म्हणायचात. तर ती टकटक. सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास. दोनदा, मग थांबते. उठून उघडतो तर कुणी नाही. आधी वाटलं लाकूड तडकतंय. सुतार बोलावला. तो म्हणाला, "साहेब, दार ठणठणीत आहे." मग मी दारच उघडं ठेवायला लागलो. तर ते कपाटाचं वाजतं.

तुमच्याकडे वाजत नसेल तर बरंच आहे. तुमचं त्याच्याशी काही चुकतं करायचं राहिलेलं नाही.

भाऊजी

मंगळवार, १३ तारीख, सकाळ

वहिनी,

कालचं वाचलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जात नाही. कंपनीने पाठवलेलं नाही, मी रजा टाकून आलोय. आणि खोली वेगळी नाही. तीच आहे, पिवळ्या पडद्याची, खिडकीची कडी लागत नाही ती. मागून घेतली.

आज सकाळची गंमत ऐका. हॉटेलात आपल्याकडचा एक गट उतरलाय, वीसेक माणसं. कंपनी दुसरी, पण हातात पुस्तिका आमचीच छापून घेतलेली. मी नळाला पाणी नाही म्हणून खाली गेलो. देखभाल करणारा त्याच्या खोलीत झोपला होता. मी दार वाजवायला हात उचलला, तर मागून आवाज: "अहो! अहो, काय करताय!" बघतो तर टोपी घातलेल्या एक काकू, सत्तरीच्या, हातात रिकामी बाटली.

"आज दार वाजवायचं नाही," काकू म्हणाल्या. "वाचलं नाहीत का? पुस्तकात दिलंय. आठवा नियम. ही माणसं अपशकुन मानतात."

"मग पाणी?"

"आम्ही सगळे बसलोय तसेच. उठेल तेव्हा उठेल. परक्या देशात आलोय, त्यांची रीत पाळायला नको? आपल्याला नावं ठेवतील."

मी मान डोलावली आणि वर आलो. काकूंना वाटलं असेल, शिकला बिचारा. मी इथे येऊन पलंगाच्या कडेवर बसलो, वहिनी, आणि हे लिहायला घेतलं. 

आठवा नियम तुम्हाला आठवत असेल. दादाने मोठ्याने वाचून दाखवला होता, जेवताना. सगळी पुस्तिकाच वाचली होती त्याने, ताट समोर गार होत असताना. "बंदच्या दिवसांत स्थानिक लोकांचं दार वाजवू नये, घंटा दाबू नये. ते अपशकुन मानतात." मग म्हणाला, "बघ, आपल्याला हे कुठून कळलं असतं? पंडित आहे म्हणून." पुस्तिका त्याने शर्टाच्या खिशात ठेवली होती. पेन आणि पुस्तिका. पोलिसांनी जे सामान तुम्हाला परत दिलं त्यात ती होती, माहीत आहे मला. तुम्ही ती माझ्या टेबलावर ठेवून गेलात. कोपरा दुमडलेला होता. आठव्या नियमाच्या पानाचाच.

आता औषधाच्या दुकानाकडे जातो. तो जिथे बसला होता तिथे. तीन वर्षं जायचं जायचं करतोय, आज जातोच.

संध्याकाळ

जाऊन आलो.

वहिनी, आधी महत्त्वाचं सांगतो. तुम्ही त्याला पाठवलं नव्हतं. तो तुमच्या मलमासाठी गेलाच नव्हता. आता नीट सांगतो, नाहीतर मी अर्धवट सोडीन.

दुकान छोटं आहे, उतारावर. हिरवं शटर, तीन पायऱ्या. शेजारी घराचं दार, घंटा, आणि वर खिडकी. औषधवाली वरच राहते. सगळ्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी तिसऱ्या पायरीवर बसलो, शटरला पाठ टेकवून. दगड उन्हाने तापलेला. अर्धा तास बसलो असेन. मग वर पडदा हलला. बाईने डोकं बाहेर काढलं, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मीच उठून उभा राहिलो. दुसऱ्या क्षणाला ती जिन्यावरून धावत खाली. दार धाडकन उघडलं. साठीची बाई, पायात एकच चप्पल.

"तुम्हाला बरं आहे ना? दुखतंय का कुठे? घंटा का नाही दाबलीत?" तिचं इंग्रजी माझ्याइतकंच तोडकंमोडकं, पण हे तिने असं म्हटलं की जणू रोज घोकत असावी.

मी म्हटलं, मी त्याचा भाऊ.

तिला कोणाचा, ते विचारावं लागलं नाही. दंडाला धरून मला वर घेऊन गेली. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून सांगत सुटली. त्या दिवशी तीनच्या सुमारास तिने खिडकीतून त्याला पाहिलं. घंटेपाशी उभा होता. बोट उचललेलं होतं. मग खिशातून एक पुस्तक काढलं, बघितलं, आणि हात खाली घेतला. वर पाहिलं तर ती दिसली. त्याने हात जोडून नमस्कार केला. हसला. तिनेही हात हलवला. कुणी प्रवासी आहे, चालून दमलाय, सावलीला बसतोय, असं तिला वाटलं. तो पायरीवर बसला. ती आत गेली. साडेचारला पाहिलं तर तसाच, डोकं शटरला टेकलेलं. झोपलाय म्हणून तिने पडदा हळूच ओढून घेतला, त्याला आवाज नको म्हणून. सहाला खाली गेली.

"मी घरात होते," ती म्हणाली. "दिवसभर घरात होते. खाली दुकान भरलेलं, किल्ली माझ्या खिशात. मला नमस्कार करता आला आणि घंटा दाबता आली नाही? का? तीन वर्षं मी हेच विचारतेय. का?"

मग तिने खण उघडून एक कागद काढला. शटरच्या फटीतून आत सरकवलेला होता. सुट्टी संपल्यावर दुकान उघडलं तेव्हा तिला सापडला. तोवर तुमचा गट गेला होता, कुणाला द्यावा ते तिला कळेना, म्हणून जपून ठेवला. दादाचं अक्षर, वहिनी. इंग्रजीत, सुटं सुटं, छापखान्यातल्या कंपोझिटरने खिळे जुळवावे तसं. दोन ओळी.

पहिली: एका गोळीचं नाव, आणि पुढे "माझ्यासाठी". मला गोळी माहीत नव्हती. औषधवालीने सांगितलं, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची ती. म्हणजे त्याला ठाऊक होतं. कुणीतरी डॉक्टरने आधीच दिली होती, आणि त्याने तुम्हालाही सांगितलं नाही, मलाही नाही.

दुसरी: "गुडघ्याचं मलम, पत्नीसाठी, असल्यास."

तुम्ही त्याला बाहेर काढलं नाहीत. त्याला जायचंच होतं. तुम्ही मलमाचं बोललात आणि त्याला निमित्त मिळालं. खालच्या देखभालवाल्याला मी परत येऊन विचारलं. त्याला तो माणूस अजून आठवतो. पहाटे साडेसहाला, तुम्ही झोपेत असताना, दादाने त्याच्याकडून औषधाच्या दुकानाचा रस्ता लिहून घेतला होता. मग तो देखभालवाला सुट्टीसाठी घरी निघून गेला.

चिठ्ठीत एवढंच आहे. दोन ओळी. ती गुरुवारी पाठवतो.

आणि जे मी बोललो होतो, ते मी परत घेतो. भरलेल्या हॉलमध्ये, भेटायला आलेल्या वीस माणसांसमोर: "वहिनी, गुडघ्याच्या मलमापायी त्याला उन्हात पाठवलंत?" उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक म्हणाले असते तर बरं होतं. कुणीच काही म्हणालं नाही. तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि आत गेलात. महिन्याभरात घर सोडलंत. तुमची मुलगी सांगते, तुम्ही तेव्हापासून कुणाकडे काही मागत नाही. गुडघा धरून स्वतः दुकानात जाता, भरल्या पिशव्या घेऊन जिना चढता, तिला साधं "पंखा लाव" म्हणत नाही. एका माणसाला एक काम सांगितलं आणि तो मेला, म्हणून. वहिनी, तसं नव्हतं. आता मागा हो काही.

तुमचा भाऊजी

बुधवार, १४ तारीख, दुपार

वहिनी,

एवढंच नव्हतं.

काल संध्याकाळी लिहून झाल्यावर मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागावर पट्टी ठेवून पाहिलं. सरळ फाटली असती. कागद जुना आहे, घडीवर आधीच विरलाय. तुम्हाला वरच्या दोन ओळी मिळाल्या असत्या, तुमच्या छातीवरचा धोंडा उतरला असता, आणि मी निष्पाप राहिलो असतो. सगळ्यांचं भलं. पंडिताचा सल्ला.

खाली मराठीत लिहिलंय, इंग्रजी सुचेनासं झालं असावं, म्हणून औषधवालीला ते कधी कळलं नाही: "आज तुमच्याकडे दार वाजवणं अशुभ मानतात हे मला माहीत आहे, म्हणून चिठ्ठी सरकवत आहे. मी पायरीवर बसलो आहे. घाई नाही."

घाई नाही, म्हणे.

आता हे वाचा. आठवा नियम मी बनवलाय.

कुठे वाचला नव्हता, कुणी सांगितला नव्हता. पुस्तिकेच्या त्या पानाला चौकट होती, आठ नियमांची. माझ्याकडे सात होते. छापखान्याचा माणूस बाकावर बसून पाय हलवत होता. कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या, "खाली रिकामं दिसतंय, एक टाका ना काहीतरी." शिवाय आदल्या वर्षी कुणीतरी तक्रार केली होती की आपले लोक सुट्टीच्या दिवशी घरोघरी फिरून चहा कुठे मिळेल विचारतात. मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत लिहून दिला. 'अपशकुन' हा शब्द घातला, कारण नुसतं "वाजवू नये" म्हटलं तर आपली माणसं ऐकत नाहीत. अपशकुन म्हटलं की ऐकतात. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. चौकट भरली.

तुम्ही पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून गेलात ना, कोपरा दुमडलेली, तेव्हाच मला कळलं होतं. त्याच दुपारी. हॉलमध्ये तुम्हाला ते बोलायच्या एक तास आधी. वहिनी, मला माहीत होतं आणि तरी मी बोललो. माहीत होतं म्हणूनच बोललो. माझ्या आधी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं जावं म्हणून मीच घेतलं, आणि समोर तुम्ही होतात.

त्यानंतर तीन आवृत्त्या निघाल्या. नियम काढला नाही. काढला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का काढला? चोराच्या मनात चांदणं. तो नियम आता चार कंपन्यांच्या पुस्तकांत आहे. माझं खोटं माझ्याहून जास्त देश फिरलं.

आणि काल त्या बाईने विचारलं, घंटा का दाबली नाही, तेव्हा मी काय म्हणालो, ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "आमच्याकडे रीत आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दुसऱ्याचं दार वाजवत नाही." बघा ना. तिच्या माथी मारलेली रीत उचलली आणि आपल्या माथी मारली. बाईने डोळे पुसले. "आता समजलं," म्हणाली. "तुमचे लोक येतात, दाराशी उभे राहतात आणि निघून जातात, मला वाटायचं लाजतात. तुमची रीत आहे होय. मी शेजाऱ्यांना सांगेन." तिला बरं वाटलं. मी तिथून चिठ्ठी घेऊन आलो तेव्हा ती दारात उभी राहून हात हलवत होती.

घंटेशेजारी तिने एक पाटी लावलीय, वहिनी. काल बसलो होतो तेव्हा पाठीमागे होती, दिसली नाही. शब्द नाहीत. घंटा दाबणाऱ्या बोटाचं चित्र, हाताने रंगवलेलं. कुठल्याही देशाच्या माणसाला कळावं म्हणून. दादा गेल्यावर लावली.

आज सकाळी पुन्हा गेलो आणि घंटा दाबली. दोनदा.

सगळं सांगितलं. चौकट, मॅडम, छापखान्याचा माणूस, 'अपशकुन'. माझं इंग्रजी तोकडं पडलं तेव्हा पुस्तिका उघडून बोट ठेवलं आणि माझ्याच छातीवर बोट ठेवलं. ती ओरडली नाही. बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. मग म्हणाली, "काल तुम्ही मला खोटं सांगितलंत आणि मी तीन वर्षांनी पहिल्यांदा झोपले." पुढे म्हणाली, "चहा विचारणार नाही मी तुम्हाला आज." मी म्हटलं, नका विचारू. तिने लिहायचा कागद माझ्यासमोर ठेवला. "इथे लिहा. माझ्या समोर. खरा नियम." मी लिहिलं: गरज पडली तर कुठल्याही दिवशी घंटा दाबावी. तिने वाचायला लावलं. सही करायला लावली. मग तो कागद खणात ठेवला, जिथे चिठ्ठी होती तिथे, आणि जिन्यापर्यंतही आली नाही.

परत आलो तर टोपीवाल्या काकू आणि त्यांचा गट खालच्या खोलीत बसलेला. टेबलावर कालचा पाव. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आठवा नियम खोटा आहे. मी लिहिलाय." आधी कुणाला कळेना. मग एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे छपाईची चूक?" मी म्हटलं, "नाही हो. मनाने लिहिला."

काकू उभ्या राहिल्या. "म्हणजे काल आम्ही संध्याकाळपर्यंत पाण्यावाचून बसलो ते?"

"हो."

"माझी बहीण मधुमेहाची आहे. काही झालं असतं म्हणजे?"

मी म्हटलं, "काकू, माझ्या भावाला झालं."

 मग काकूंनी पुस्तिका काढली, पर्समधून पेन काढलं, आणि आठव्या नियमावर काट मारली. इतकी जोरात, की कागद फाटला. बाकीच्यांनीही मारली. पेन हातोहात फिरत होतं. मी उभाच होतो. कुणी बसा म्हटलं नाही आणि म्हणायला नकोच होतं.

वर आलो. कार्यालयाला तार करावी तसं चार ओळींचं पत्र लिहून ठेवलंय, नियम काढा, कारण असं असं, जबाबदारी माझी. तीस वर्षांची नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे.

आणि आता खरं सांगतो, मला भीती वाटतेय. चार वाजायला आले आहेत. सुट्टीचा दिवस आहे. याच खोलीतून तो शर्ट घालून, पुस्तिका खिशात टाकून निघाला. मला वाटतं, जे दार त्याने इथे वाजवलं नाही ते तो माझ्याकडे येऊन वाजवतोय. मी उघडतो तर कुणी नसतं, कारण तो तिथे पायरीवर बसलाय. तुम्ही म्हणाल, भाऊजींना वेड लागलं. लागू दे. मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलीय.

थोड्या वेळाने

वाजलं.

दोनदा. मग थांबलं.

वहिनी, मी उठलोच नाही. तोंडातून "ये" निघेना. इतकी वर्षं तो म्हणायचा "येऊ का" आणि मी पुस्तकातून डोकं न काढता "हं" म्हणायचो. पुन्हा दोनदा वाजलं. मी गेलो आणि उघडलं.

दारात काकू. टोपी नव्हती, केस विस्कटलेले.

"रागावलेय मी तुमच्यावर," काकू म्हणाल्या. "ते आहेच. पण डोकं फार दुखतंय आणि बहिणीला उठवायचं नाही. गोळी आहे का तुमच्याकडे?"

माझ्याकडे होती. मी पिशवी सगळी पलंगावर ओतली आणि शोधली. काकूंनीच ती पाकिटातून सोडवून घेतली. मी रडायला लागलो. म्हणजे मोठ्याने, लहान मूल रडतं तसा. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत. "बरं, बरं," म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "पाणी आहे का? गोळी कशाने घेऊ?" मी पेला भरून दिला. माझ्यासमोर गोळी घेतली, पेला परत दिला आणि गेल्या.

पेला अजून हातात आहे. एका हाताने लिहितोय.

गुरुवार, १५ तारीख, सकाळ

वहिनी,

टपाल उघडलं. न्हाव्याने खुर्च्या खाली घेतल्यात. मी रांगेत उभा राहून पुस्तिकेवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर माफ करा.

सगळी पत्रं एकाच पाकिटात घालतोय, सोमवारचं खोटं आणि मंगळवारचं अर्धवट धरून. फाडावीशी वाटली, पण मग तुम्हाला वाटलं असतं मी एका दमात खरं बोललो. चिठ्ठीही आत आहे, अख्खी. घडीवर जपून उघडा. वरचा भाग तुमचा आहे, खालचा माझा.

सकाळी औषधवालीच्या दुकानावरून आलो. शटर वर होतं. तिने मला पाहिलं, ओळख दाखवली नाही, पण गिऱ्हाईकाला द्यावी तशी एक वस्तू काउंटरवर ठेवली. गुडघ्याचं मलम. चिठ्ठीतलं. मी काही बोलायच्या आत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. ते पाकिटात मावत नाही, म्हणून मी घेऊन येतोय.

पत्र आधी पोचू दे, म्हणून पुढल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी येईन. दुपारी चारला. दोनदा वाजवीन आणि थांबेन. उघडायचं नसेल तर उघडू नका, मी मलम पायरीवर ठेवून जाईन. तुम्ही नाही उघडलंत तर वाईट वाटेल, पण तक्रार नाही. ते बोलणं माफीने पुसलं जाणारं नव्हतं, आणि मी माफी मागायला येत नाहीये. ज्या माणसांसमोर बोललो त्या वीसही माणसांना मी पत्रं लिहिणार आहे, एकेकाला, नाव घेऊन.

फक्त एक करा. माझ्यासाठी नको, दादासाठीही नको. हे वाचून झालं की शेजारचं दार वाजवा आणि काहीतरी मागा. वाटीभर साखर मागा. पिशवी वर आणून द्यायला सांगा. कुणी काही म्हणत नाही, वहिनी. अपशकुन कुठेच कुणी मानत नाही. ते मी लिहिलं होतं.

भाऊजी